साडूच्या जीपचं डावं चाक

हर्बर्टची जीप अडकल्याची बातमी ल्युसीने विहिरीवरून पाण्याच्या हंड्याबरोबर आणली. युस्टेस तेव्हा ओसरीवर दाढी करत बसला होता. बातमी ऐकताच त्याने वस्तरा खाली ठेवला, कारण एवढं हसू आल्यावर गाल कापला गेला असता.

"आडकली म्हंजे?" त्याने फेसातून विचारले.

"चाकंच फिरत नाय. सकाळी गडीमाणसांनी ढकलून बघितली. फणसाखाली बसलीय ती बसलीच."

"अरेरे!" युस्टेस म्हणाला. मरोळच्या गावठाणात इतके आनंदी 'अरेरे' त्याआधी कोणी काढले नसेल.

हर्बर्ट हा युस्टेसचा साडू. ल्युसी आणि अँजेलिना सख्ख्या बहिणी, दोघींची लग्ने एकाच मांडवात झालेली, आणि मांडवातली चांगली खुर्ची हर्बर्टला मिळाली होती ही गोष्ट युस्टेस अजून विसरला नव्हता. हर्बर्ट फोर्टातल्या कचेरीत पंख्याखाली बसायचा. युस्टेस रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता, भट्टीशेजारी. हर्बर्टच्या विहिरीचे पाणी गोड, हर्बर्टच्या फणसाचे गरे मोठे, हर्बर्टची बायको फ्रॉक घालून हातात पर्स धरणारी. हे सगळे युस्टेसने कसेबसे पचवले होते. पण गेल्या हिवाळ्यात हर्बर्टने लष्कराच्या लिलावातून जीप आणली, आणि ती काही केल्या पचेना. जीप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी युस्टेसने आपल्या तांब्या बैलाचे नाव बदलून 'जनरल' ठेवले. त्याच्या जोडीदाराला तो 'कॅप्टन' म्हणू लागला. बैलांना याचा पत्ता नव्हता. ते बिचारे जुन्याच नावांना कान हलवायचे.

ईस्टरच्या सुट्टीत हर्बर्टने जीप जुहूला नेली आणि चारचौघांदेखत समुद्रात घातली. "लढाईत ही बोटीतनं थेट पाण्यात उतरायची," असे तो सगळ्यांना सांगत होता. लढाईत तिला नंतर गोड्या पाण्याने धुवायला आणि ग्रीस भरायला पलटण असायची, हे मात्र त्याच्या लक्षात आले नाही. घरी आणून त्याने जीप फणसाखाली उभी केली, तिच्यावर ताडपत्री टाकली, आणि अख्खा पावसाळा मीठ आपले काम करत राहिले.

एरवी युस्टेसने या गोष्टीवर नुसते हसून भागवले असते. पण आगेरा तोंडावर आला होता. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. त्या रविवारी शेतातली पहिली कणसे वाजतगाजत चर्चमध्ये न्यायची, फादरनी त्यांना आशीर्वाद द्यायचा, मग ज्याने त्याने आपले कणीस घरी नेऊन दाराला लावायचे. ही कणसे नेणाऱ्या पहिल्या गाडीचा मान युस्टेसच्या आजाचा होता. मग बापाचा होता, मग युस्टेसचा. गावात युस्टेसची बैलगाडी वेगळीच. इतरांच्या गाड्या कुईकुई करत चालायच्या, याची गाडी मात्र मांजरासारखी यायची. लोक कौतुक करत. "आजाच्या हातचं चाक हाय," असे सांगून युस्टेस मिशीला पीळ भरत असे. आणि यंदा हर्बर्टने परस्पर फादरना जाऊन सांगितले होते की कणसे जीपमधून नेऊ. फादर नवीन होते. ते हो म्हणून बसले. तेव्हापासून युस्टेसला जेवण गोड लागत नव्हते.

आणि आता जीपच अडकली होती! देव आहे, असे युस्टेसला अगदी आतून वाटले. त्याने उरलेली दाढी गुणगुणत केली.

संध्याकाळी हर्बर्ट स्वतः आला. नेहमी अंगणातून हाक मारणारा माणूस त्या दिवशी चक्क ओसरीवर येऊन बसला.

"युस्टेस, तूच बघ बाबा. तुझ्यावाचून कोणाचं काम नाय."

"बघू या," युस्टेस डॉक्टरसारखा म्हणाला. त्याने फणसाखाली जाऊन चारही चाकांवर हातोडी वाजवली, मडगार्डखाली डोके घातले, बोट फिरवून गंज हुंगला आणि मान हलवली. "बेरिंग गेलेत. अ‍ॅक्सल धरलेत. मिठानं आतनं खाल्लीय सगळी."

"आगेऱ्यापर्यंत होईल?"

"नाताळापर्यंत होईल," युस्टेस म्हणाला. हर्बर्टचा चेहरा उतरला. तो उतरताना युस्टेसने अगदी निवांतपणे पाहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ल्युसी विहिरीवरून परतली ती नवी बातमी घेऊन. हंडा उतरवताना ती सहज म्हणाली, "तो बेनेडिक्ट म्हणत होता म्हणं, एका तासाचं काम हाय."

युस्टेसच्या हातातला पाव बशीत पडला. बेनेडिक्टचे अंधेरी स्टेशनजवळ गॅरेज होते. पोरवयात दोघे रेल्वेच्या कारखान्यात एकत्र उमेदवारी करत होते, आणि परीक्षेत पहिला नंबर बेनेडिक्टचा आला होता. मग तो नोकरीवर लाथ मारून निघून गेला आणि गॅरेजचा मालक झाला. हर्बर्टचा हेवा युस्टेसच्या पोटात होता. बेनेडिक्टचा थेट काळजात होता.

"कोण बोललं?"

"विहिरीवर आयकलं. हर्बर्ट त्याला बोलवणार हाय. बेनेडिक्ट म्हणतो, युस्टेस चांगला मानूस हाय, पन त्याला मोटारीतलं काय कळतंय?"

आता युस्टेसच्या दोन इच्छा होत्या. जीप चालू होऊ नये, ही एक इच्छा. ती बेनेडिक्टच्या हातून तर मुळीच चालू होऊ नये, ही दुसरी. पहिली इच्छा जुनी होती, पण दुसरी जास्त झोंबत होती. शेवटी त्याने कारखान्यात रजेची चिठ्ठी पाठवली आणि अवजारांची पेटी उचलली.

"हर्बर्ट!" तो साडूच्या अंगणातून ओरडला. "रॉकेल आण!"

उजव्या बाजूची दोन चाके रॉकेल पाजून, ठोकून, शिव्या घालून एका दिवसात सुटली. पुढचा दिवस डाव्या बाजूचा. पुढच्या डाव्या चाकाचा नट काही हलेना. युस्टेसने पान्याला लांब नळी लावली. नळीवर तो लोंबकळला, मग हर्बर्ट लोंबकळला, मग दोघे मिळून लोंबकळले. काड्कन आवाज झाला आणि दोघे शेणाच्या पाटीत बसले. नट बोल्टासकट तुटला होता. तुटलेला तुकडा पुसून पाहताना युस्टेसच्या ध्यानात आले की जीपच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. इतका वेळ ते दोघे मिळून नट जिवाच्या आकांताने आवळत होते.

"काय झालं?" हर्बर्टने विचारले.

"काय नाय. गंज आधी उलटा फोडायचा असतो," युस्टेस म्हणाला आणि पाना दुसऱ्या बाजूने फिरवू लागला. बाकीचे नट सुरळीत निघाले. हर्बर्ट आदराने बघत राहिला.

खरी वाट लागली ती मागच्या डाव्या चाकाशी. त्याचा अ‍ॅक्सल नळीत असा बसला होता, जणू तिथेच जन्मला होता. बोल्ट काढले, रॉकेल ओतले, घणाने ठोकले, तरी तो केसभर बाहेर येईना. त्यात ल्युसी भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "बेनेडिक्ट विचारत होता म्हणं, अजून निघाला नाय का?"

युस्टेस लाल झाला. "बैल आणतो," तो म्हणाला.

जीप साखळदंडाने फणसाला बांधली. अ‍ॅक्सलच्या तोंडाला दोर आवळला आणि दोराचे दुसरे टोक जोखडाला. जनरल आणि कॅप्टन दोघे जोखडाखाली उभे राहिले. युस्टेसने आरोळी ठोकली, शेपट्या पिरगाळल्या. बैलांनी खूर रोवले, फणसाची पाने थरथरली, जीप कण्हली, आणि एकदम बाटलीचे बूच उडावे तसा अ‍ॅक्सल बाहेर आला. जोर लावलेले बैल मग थांबतात कसले? अ‍ॅक्सल मागे खडखडत ओढत ते अंगणातून सुटले, अँजेलिनाची कपड्यांची दोरी घेऊन बांधावरून उडाले आणि भाताच्या खाचरात जाऊन थांबले. जनरलच्या शिंगात अँजेलिनाचा फुलाफुलांचा फ्रॉक होता.

"माझा चर्चचा फ्रॉक!" अँजेलिना दारातून किंचाळली.

"राहू दे गं," हर्बर्ट आनंदाने म्हणाला. "अ‍ॅक्सल तर निघाला!"

पण मग अ‍ॅक्सलवरचे बेरिंग बघितले, तर त्याचा भुगा झाला होता. रोलर कुठले आणि गंज कुठला हे ओळखू येईना. आतली कडी तेवढी दांड्याला घट्ट चिकटून होती. युस्टेसने भाता लावून कोळसे फुंकले, कडी लाल केली, छिन्नीने फोडून काढली. बाकीच्या तीन चाकांचे बेरिंग धुऊन, ग्रीस भरून वापरण्याजोगे होते. याचे मात्र नवेच हवे होते, आणि उद्यावर आगेरा आला होता.

"संपलं," हर्बर्ट पायरीवर बसत म्हणाला. "आता कुठनं आणायचे बेरिंग?"

युस्टेसने हातोडी पेटीत टाकली. हात पुसत तो घरी आला. मनातून त्याला बरेच हलके वाटत होते. त्याने काम तर करून दाखवले होते. बेनेडिक्टलाही बोलायला जागा उरली नव्हती. आणि तरीही जीप काही चर्चला जाणार नव्हती. यापेक्षा चांगला शेवट त्याला सुचला नसता.

घरात ल्युसी ट्रंक उघडून बसली होती. तिने हिरवे जरीकाठी लुगडे बाहेर काढले होते आणि गळ्यातले सोन्याचे पुसत होती.

"हे कशाला आता?" युस्टेसने विचारले.

"अँजेलिनानं सांगितलंय, कणसांच्या बाजूला जीपमधी मी बसायचं. पुढच्या सीटवर." ल्युसीचे डोळे चमकत होते. "सगळा गाव बघेल."

"जीप नाय येत. बेरिंग नाय."

"नाय कसे? बेनेडिक्ट घेऊन येतोय म्हणं कुर्ल्यावरनं. उद्या सकाळी बसवून देणार हाय." ल्युसीने लुगड्याची घडी सारखी केली. "म्हंजे मग सगळे म्हणतील, युस्टेसनं खोलली आन् बेनेडिक्टनं जोडली."

युस्टेस खाटेवर बसला. उठला. पुन्हा बसला. मग तो गोठ्याकडे गेला आणि आपल्या बैलगाडीसमोर उभा राहिला. आता जी गोष्ट तो, ल्युसी आणि देव एवढ्यांनाच ठाऊक होती, ती सांगितली पाहिजे. आजाचे चाक वगैरे सगळी थाप होती. युस्टेसची गाडी आवाज करत नव्हती, कारण त्याने भंगारबाजारातून जुन्या जीपचे बेरिंग आणून गुपचूप तिच्या चाकांत बसवले होते. अगदी याच मापाचे.

गाडीचे उजवे चाक काढताना त्याला रडू येत होते. गाडी एका अंगावर कलली. बेरिंगची जोडी फडक्यात गुंडाळून तो साडूकडे गेला आणि ती जीपमध्ये बसवताना त्याने घणाचे चार टोले जास्तच घातले. पुन्हा बेनेडिक्टच काय, बेनेडिक्टचा बापही ती काढू शकणार नाही, अशी त्याने व्यवस्था केली.

"कुठनं मिळाले रे?" हर्बर्टने विचारले.

"होते कुठंतरी," युस्टेस म्हणाला.

रविवारी सकाळी फणसाखाली सगळा गाव जमला. जीप झेंडूने सजली होती. मागे कणसांच्या पेंढ्या होत्या, पुढे ल्युसी हिरव्या लुगड्यात अंबारीत बसल्यासारखी बसली होती, तिच्यामागे अँजेलिना धुतलेल्या फ्रॉकमध्ये. बँडवाल्याने ढोल गळ्यात अडकवला. हर्बर्टने टाय सारखा केला आणि स्टार्टर दाबला. जीप खोकली. त्याने पुन्हा दाबला. ती पुन्हा खोकली आणि मग खोकायचीही थांबली. एवढ्या दिवसांत सगळ्यांनी चाकांचा ध्यास घेतला होता. इंजिन चालू करून बघायचे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

"युस्टेस!" हर्बर्ट जीपमधून ओरडला. "कर ना कायतरी!"

"मना चाकं सांगितलीवती," युस्टेस शांतपणे म्हणाला. "इंजिन नाय."

चर्चची घंटा वाजू लागली. ल्युसीच्या डोळ्यांत पाणी आले. कणसे डोक्यावर घेऊन चालत जायची भाषा सुरू झाली. तेव्हा युस्टेस सावकाश गोठ्याकडे वळला आणि जनरल-कॅप्टनला घेऊन आला. जोखडाचा दोर त्याने जीपच्या बंपरला बांधला, कासरे हातात घेतले आणि बूट घालूनच हर्बर्टच्या बॉनेटवर चढून बसला.

अशी ती वरात निघाली. पुढे ढोल, मग बैल, बैलांमागे बॉनेटवर युस्टेस, आणि काचेमागे हर्बर्ट, ज्याला स्टिअरिंग धरण्यापलीकडे काही काम नव्हते. मोकळी झालेली चाके अशी हलकी फिरत होती की बैलांना ओझे जाणवतच नव्हते. लोक बैलांच्या पाया पडत होते. चर्चच्या दारात फादरनी पवित्र पाणी शिंपडले ते बैलांवर, आणि पहिले कणीस त्यांनी जनरलच्या शिंगाला बांधले. "युस्टेस, यंदाही मान तुझाच हं," ते हसून म्हणाले. हर्बर्टने टाय सैल केला. त्याचा काळवंडलेला चेहरा बघून युस्टेसला इतक्या वर्षांचे सगळे भरून पावले. लग्नातली खुर्चीसुद्धा.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर आवारात त्याला बेनेडिक्ट दिसला, पांढऱ्याशुभ्र सुटात. युस्टेस छाती काढून त्याच्यापुढे गेला.

"काय रे? एका तासाचं काम होतं ना?"

"कुठलं काम?" बेनेडिक्ट म्हणाला.

"ही जीप! युस्टेसला मोटारीतलं काय कळतंय म्हणत होतास ना?"

"मी? अरे, पावसाळाभर मी वसईला सासऱ्याकडं. गॅरेजला टाळं हाय. काल संध्याकाळी आयलो. ही बिघडलीवती? मना ठाऊकच नाय."

युस्टेसने हळूच मान वळवली. ल्युसी जीपमध्ये बसून चर्चच्या क्रुसाकडे मोठ्या भक्तिभावाने बघत होती. तिने मान खाली केलीच नाही.

तेवढ्यात बेनेडिक्टने, कुणी न सांगता, बॉनेट उचलले. कसलीशी टोपी काढली, आतली ओल रुमालाने पुसली, सीटखालून हँडल काढून दोनदा फिरवले. जीप गर्जना करत सुरू झाली. "झकास!" लोक ओरडले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बैलांपेक्षा जास्त वाजवल्या. अँजेलिनाने फादरना आत घेतले, बेनेडिक्ट मागे लटकला, आणि धुरळा उडवत सगळी मंडळी निघून गेली. दोन बैल आणि मोकळे जोखड घेऊन युस्टेस मागून पायी चालत राहिला. जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिच्या चाकांचा जरासुद्धा आवाज आला नाही. आपल्याच बेरिंगांचा आपल्याला एवढा हेवा वाटेल, असे त्याला कधी वाटले नव्हते.

संध्याकाळी तो पेटी घेऊन हर्बर्टकडे गेला. हर्बर्ट फुगून बसला होता.

"बैलांवर पाणी, बैलांना कणीस," तो म्हणाला. "माझ्या जीपवर एक थेंब नाय पडला. युस्टेस, ती बैलजोडी मना विकतोस काय?"

"आधी माझे बेरिंग दे," युस्टेस म्हणाला. "गाडी कलून पडलीय."

त्याने चाक उतरवले आणि बेरिंग ओढले. ते हलले नाही. त्याने ठोकले. तरी हलले नाही. चार टोले जास्त घातले होते, ते टोले आता आतून धरून बसले होते. युस्टेस घामाघूम होऊन खाली बसला.

"राहू दे रे," हर्बर्ट म्हणाला. "नंतर बघू. तुझ्या गाडीला असले काय आणि नसले काय."

पायरीवर ल्युसी आणि अँजेलिना नव्या भाताचे पोहे निवडत बसल्या होत्या. ल्युसीने सुपातून मान वर केली.

"बेनेडिक्टला बोलवू काय?" तिने विचारले. "आता तर तो खरंच गावात हाय."

युस्टेसने तिच्याकडे बघितले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होते, आणि ते लपवायची तिने तसदीही घेतली नव्हती. त्याला सगळे कळत होते. अगदी सगळे कळत होते.

"खबरदार!" तो म्हणाला. मग त्याने बाह्या वर सारल्या आणि पुन्हा जीपखाली डोके घातले. "हर्बर्ट, रॉकेल आण."